‘अहो, दूध बघा’ म्हटल्यावर दूध कोण बघतं?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान गेल्या वर्षी साठाव्या वर्षी केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाले. तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी घरात काहीतरी घडतंय. दूध तीनदा उतू गेलं, चौथ्यांदा पातेलंच करपलं. पाणी गेलेलं असताना नळ उघडा राहिला आणि पहाटे साडेचारला हॉलमध्ये तळं. दाराचं लॅच लागून दोघंही बाहेर, आत गॅसवर कुकर. बाथरूम घासताना यजमान घसरले, मनगट मुरगळण्यावर निभावलं. आणि परवा डोळ्यांत कानाचे थेंब घातले. मुलगा पुण्याहून सांगतो, गॅस काढा, इंडक्शन आणा. ताई विचारतात, ‘ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात तर नाही ना? की मीच उगाच घाबरते?’ खाली ताजा कलम: ‘आता ते स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावायचं म्हणताहेत. लावू देऊ का?’

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे माणसाला घरातली रोजची कामं नीट आणि सुरक्षितपणे करता यावीत म्हणून मदत करणारी. आमच्या नात्यातल्या एका काकांना अजून वाटतं की मी लोकांना नोकऱ्या लावून देते. प्रत्यक्षात सत्तावीस वर्षं ठाणे ते कल्याण लोकांच्या घरी जाऊन त्यांचे ओटे, मोऱ्या आणि उंबरठे बघते. माझ्या पिशवीत बीपीचं यंत्र असतं आणि मोजपट्टी असते, आणि खरं सांगायचं तर मोजपट्टी जास्त वेळा बाहेर निघते.

पत्रावरून आजाराचं निदान कुणीच करू नये, मीही करणार नाही. कशाची काळजी करायची ते पुढे लिहिते. पण तुमची यादी मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना शेजारी एक खूण करत गेले: हे काम सुरू कुणी केलं आणि संपवायचं कुणी होतं? दूध गॅसवर ठेवलं तुम्ही, बघायचं त्यांनी. कुकर लावला तुम्ही, कचरा बाहेर ठेवायला गेले ते, आणि ‘अहो, ओला कचरा राहिला’ म्हणत मागून तुम्ही. कानाचे थेंब आणले त्यांनी, ठेवले तुम्ही, तुमच्या नेहमीच्या जागी, म्हणजे डोळ्यांच्या थेंबांशेजारी. पाचांतल्या तीन प्रकारांत काम अर्धं एकाकडे आणि अर्धं दुसऱ्याकडे होतं. तीस-पस्तीस वर्षं तुमचं घर एका माणसाच्या हाताने चाललं. ते आठ बाराच्या गाडीला जायचे आणि संध्याकाळी सातला यायचे. आता त्या घरात दुसरी हातांची जोडी आली आहे. तिची इच्छा दांडगी आहे, पण कुठली वस्तू कधी काय करते हे तिला ठाऊक नाही. नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी अर्धी फाइल हातात दिली तर जे होईल ते तुमच्याकडे होतंय.

दुधाचंच घ्या. तुम्ही ओट्याशी पाठमोऱ्या, नळ सुरू, मिक्सर नुकताच थांबलेला, आणि तोंडाने ‘अहो, दूध बघा हं’. हॉलमधून ‘हो’ आलं. तो ‘हो’ त्यांनी दिलाय असं तुम्हाला वाटतं. तो नुसता सवयीचा हुंकार असतो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली की आपोआप येतो. त्यात साठीनंतर कानाला सर्वात आधी उंच पट्टीचे आवाज कमी यायला लागतात. स, श, फ, थ ही अक्षरं पुसट होतात, त्यामुळे आवाज पोचतो आणि शब्द पोचत नाही. कुकरच्या तीन शिट्ट्यांचं भांडणही बहुतेक वेळा इथलंच असतं. कान तपासून घ्या, दोघांचेही. तुमचेही, कारण पत्रात तुम्ही लिहिलंय की ‘ते हल्ली फार हळू बोलतात’.

आणि दूध असं की ते वाट बघत नाही. तापताना वर प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून सायीचा पापुद्रा धरतो, खाली वाफेचे बुडबुडे अडकतात, आणि त्यांचा जोर झाला की सगळा थर एकदम उचलला जातो. दहा मिनिटं काही होत नाही आणि मग दहा सेकंदांत होतं. त्या दहा मिनिटांत माणसाने पेपर उघडला नाही तरच नवल. म्हणून ‘लक्ष ठेवा’ हा उपाय मी कुणालाच सांगत नाही, पंचविशीतल्या मुलीलाही नाही. दुहेरी भिंतीचं, शिट्टीचं दुधाचं भांडं आणा. भिंतींच्या मधल्या पोकळीत पाणी असतं, ते उकळलं की शिट्टी होते, आणि दुधाला पाण्याच्या उकळीपेक्षा जास्त उष्णता मिळतच नसल्यामुळे ते उतू जात नाही. फक्त त्यात पाणी घालायला विसरू नका. ते विसरलं तर भांडं जळतं, आणि मग माझ्या नावाने खडे फोडाल.

सांडलेल्या दुधाने ओटा खराब होतो हा भाग किरकोळ. उतू गेलेलं दूध बर्नरची ज्योत विझवतं आणि गॅस सुरूच राहतो, ही त्यातली खरी भीती. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो छताकडे जात नाही, फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो. नाकाशी वास येईपर्यंत पायाशी बराच झालेला असू शकतो. अशा वेळी पंखा लावायचा नाही, दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, आणि माणसं बाहेर. बाहेर जाऊन 1906 वर फोन करायचा, तो गॅसगळतीसाठीचाच क्रमांक आहे. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणाऱ्या शेगड्या बाजारात मिळतात. पुढची शेगडी घ्याल तेव्हा काचेचा रंग बघण्याआधी हे विचारा. जाता जाता सिलिंडरची रबरी नळी किती वर्षांची आहे तेही बघा. पाच वर्षांनी ती बदलायची असते, आणि मी जाते त्या घरांत ती बहुधा गृहप्रवेशाच्या वेळची असते.

आता दूध कोणी बघायचं? माझं उत्तर ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. दूध पूर्ण त्यांना देऊन टाका. सकाळी दारातली पिशवी उचलण्यापासून ते गार झाल्यावर साय काढून फ्रिजमध्ये ठेवण्यापर्यंत. कुठलं पातेलं, किती वाजता, कुठल्या शेगडीवर, सगळं ते ठरवतील. तुम्ही त्या वेळात ओट्याकडे फिरकायचं नाही. ‘अहो, बारीक करा’ म्हणायचं नाही. पहिल्या पंधरवड्यात एकदा तरी दूध लागेल, त्या दिवशी लागलेल्या दुधाचा चहा प्यायचा. कल्याणच्या एका काकूंना हे पटवायला मला दोन भेटी लागल्या. काकांनी दुधाची पातेली डावीकडच्या लहान शेगडीवर नेली, एवढ्यावरून त्या चार दिवस अबोला धरून होत्या. पुढे महिन्याभरात काका विरजण लावायला लागले आणि तिसऱ्या महिन्यात तूप कढवायला. आता काकूंची तक्रार अशी की तूप जास्त लाल करतात.

याच पट्ट्यात एक निवृत्त लोको पायलट आहेत, मेल-एक्सप्रेस चालवलेले. इंजिनात दोघे असतात आणि पुढचा सिग्नल दिसला की त्याचा रंग दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो, अशी रेल्वेत पद्धतच आहे. डोळ्याने बघितलेलं तोंडाने म्हटलं आणि कानाने ऐकलं की चूक सहसा निसटत नाही. हे गृहस्थ घरातून निघताना रेग्युलेटरवर हात ठेवतात आणि म्हणतात, ‘गॅस बंद.’ मोरीत जाऊन, ‘नळ बंद.’ खिसा चाचपून, ‘किल्ली आहे.’ आणि बायको दारातून उत्तर देते, ‘किल्ली आहे.’ पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता मी ते प्रत्येक घरात शिकवते. हात लावणं त्यात महत्त्वाचं. नुसतं मनात म्हटलं तर मन कालच्या ‘बंद’ची आठवण आजची म्हणून दाखवतं, आणि रिक्षा स्टेशनपर्यंत पोचल्यावर शंका येते.

नळाचं प्रकरण मात्र अर्ध्या कामाचं नाही, तिथे वेगळीच गंमत आहे. पाणी गेलंय का बघायला आपण सगळेच नळ उघडून बघतो. एरवी नळ बंद करायची आठवण वाहतं पाणीच करून देतं. पाणी आलंच नाही तर आठवण करून देणारं कुणी उरत नाही, आणि हात तसाच मागे येतो. यात वयाचा काही संबंध नाही, माझ्या मुलाने दहावीत असताना हेच केलं होतं. फिरकीचे नळ काढून पाव फेऱ्याचे, दांडीचे नळ बसवा. दांडी आडवी की उभी यावरून लांबूनही नळ उघडा-बंद कळतो. फिरकीच्या नळाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. रात्री झोपताना आणि गावाला जाताना फ्लॅटचा मुख्य कॉक बंद. आणखी एक विचारते: पाणी हॉलपर्यंत आलंच कसं? मोरीच्या जाळीवर नक्की काहीतरी बसलेलं होतं, फडकं किंवा उपडी बादली. जाळी मोकळी असती तर नळ रात्रभर वाहूनही निदान पुस्तकांचा खालचा कप्पा वाचला असता. जमिनीवर टाकलेले एक्स्टेन्शन बोर्ड आजच भिंतीवर चढवा, आणि वायरमनला बोलावून मीटरच्या पेटीत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघायला सांगा. विजेची गळती झाली की तो खटकन पडतो. त्यावर चाचणीचं एक छोटं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं. हे काम यजमानांना द्या, मन लावून करतील.

लॅचबद्दल मी फार बोलू नये. मी स्वतः ठाण्यात गाऊनवर, हातात कचऱ्याची बादली आणि आत तेल तापत ठेवलेलं, अशी उभी राहिलेली आहे. तेव्हा मी या व्यवसायात अकरा वर्षं मुरलेली होते. स्वयंपाकघराची खिडकी आणि पुढचं दार एका रेषेत असलं की वाऱ्याची एक झुळूक पुरते. ओढलं की आपोआप लागणारं कुलूप साठीनंतरच्या घरात असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरून किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही असं कुलूप बसवा. ते होईपर्यंत आतल्या बाजूचा छोटा खटका असतो, तो दिवसभर अडकवून ठेवा, म्हणजे जीभ बाहेर येणार नाही. एक किल्ली समोरच्यांकडे ठेवा, आणि समोरचे सुट्टीत गावाला जातात हे लक्षात घेऊन दुसरी खालच्या मजल्यावर. कुकरचं म्हणाल तर आतलं पाणी आटेपर्यंत तो शिट्ट्या करत राहतो. नंतर तळ तापतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि डाळ छताला. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्याने त्याचं काम केलं. नवा बसवताना त्याच कंपनीचा बसवा, हातगाडीवरचा नको.

दारावरून आठवलं. तुमच्या बाथरूमचं दार आत उघडतं का? बहुतेक फ्लॅटमध्ये आतच उघडतं. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं, आणि आतून कडी घातलेली असली तर झालंच. कडी काढून टाका किंवा बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी बसवा. लाज वाटत असेल तर दाराला पाटी अडकवा, ‘आत आहे’. यजमानांना लेबलं करायची हौस आहेच.

आता घसरण्याचं. हा एकच प्रकार असा आहे की ज्यासाठी मी तुमच्याकडे प्रत्यक्ष यायला हवं. बाथरूम घासताना घसरले असं तुम्ही लिहिलंत, कशाने घासत होते ते नाही लिहिलं. निवृत्त पुरुषांनी बाथरूम ‘एकदाचं व्यवस्थित’ साफ करायला घेतलं की बाटल्या एकत्र होतात. टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचिंग यांची गाठ पडली की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो छातीत जातो. एका दिवशी एकच बाटली, आणि ती तिच्याच मूळ बाटलीत. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड भरून ठेवलेलं मी किती घरांत बघितलं असेल!

पडताना हात कुठे जातो? टॉवेलच्या दांडीकडे. ती दांडी टॉवेलाचं वजन पेलायला लावलेली असते, पंच्याहत्तर किलोच्या माणसाचं नाही. ती स्क्रूसकट हातात येते, आणि मग माणूस दांडीसकट पडतो. आधाराचा खरा दांडा वेगळा मिळतो, स्टीलचा, भिंतीत अँकर फास्टनर घालून बसवायचा, फरशीपासून साधारण 33 ते 36 इंचांवर. तुमची इमारत नवी असेल तर भिंती हलक्या ब्लॉकच्या असतील, त्यांना वेगळा फास्टनर लागतो, प्लंबरला आधी सांगा. रबरी वाटीने टाइलला चिकटवायचे दांडे आणू नका. आंघोळीला बुटकं स्टूल नको, त्यावरून उठतानाच तोल जातो. गुडघ्याएवढ्या उंचीचं, 17-18 इंचांचं, पायांना रबरी बूच असलेलं बघा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझा फोन जास्त वाजतो. नरक चतुर्दशीची पहाट, अंधार, अंगाला तेल, पायाला तेल, फरशीला तेल, आणि वर उटण्याचा चिखल. अभ्यंग जरूर करा, पण तेल हॉलमध्ये खुर्चीत बसून लावा, पाय पुसा, मग आत जा.

उजेड वाढवा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. त्यात पांढरी टाइल, पांढरा उंबरठा. त्या उंबरठ्याच्या कडेला लाल चिकटपट्टी लावा. यजमानांचा चष्मा दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर खाली बघताना ते वाचायच्या भागातून बघतात आणि पायरी धूसर दिसते. जिना उतरताना मान वाकवून, वरच्या काचेतून बघायचं. कानाचे थेंब डोळ्यांत जाण्याचं मूळही इथेच आहे: दोन सारख्या बाटल्या, रात्र, आणि चष्मा काढलेला, कारण चष्मा घालून डोळ्यांत औषध घालताच येत नाही. कानाच्या बाटलीला दोन रबरबँड गुंडाळा, म्हणजे बोटांना कळेल, आणि ती दुसऱ्या खोलीत ठेवा. पुन्हा असं झालंच तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बाटलीसकट दाखवायचं.

घसरणं आणि गरगरणं यांत फरक करा. रक्तदाबाच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची गोळी, यांनी झोपेतून एकदम उठल्यावर दाब खाली येऊ शकतो. आडवं असताना एकदा आणि उभं राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी असा दाब मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा अधिक उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा, गोळी स्वतः बंद करू नका. रात्री उठताना पाय खाली सोडून वीस अंक मोजायचे, मग उभं राहायचं. आणि माळ्याकडे मान वर करून बघितलं की जग फिरतं अशी तक्रार असेल, तर ती कानाच्या आतल्या कणांची असू शकते. त्यावर डोकं ठरावीक पद्धतीने वळवायचा उपचार असतो आणि बऱ्याच जणांना एक-दोन बैठकींत बरं वाटतं. तोपर्यंत माळा बंद. खरं तर नंतरही बंदच. गणपतीची आरास आणि दिवाळीची मोठी पातेली यांच्यापायी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलेली माणसं मी फार भेटलेय, बहुतेक सगळी पलंगावर.

आता तुमची मूळ भीती. घटना किती झाल्या ते मोजू नका. घटनेनंतर ते काय करतात ते बघा. दूध उतू गेल्यावर ओशाळले, चिडले, ‘तूच नीट सांगितलं नाहीस’ म्हणाले, तर मला बरं वाटेल. तुम्ही लिहिलंय की तळं झालं त्या दिवशी त्यांनीच पुस्तकं एकेक करून पंख्याखाली उघडून वाळवली आणि सोसायटीत पाण्याच्या वेळांचा कागद लावून घेतला. ज्याला घडलेलं आठवतं, लागतं, आणि जो पुढची तजवीज करतो, त्याच्याबद्दल मी घाईने आजार म्हणणार नाही. चिंता कधी? वर्षानुवर्षं केलेलं काम अडायला लागलं तर: पासबुकाचा हिशेब जुळेना, फडके रोडवरून घरी यायला रस्ता सापडेना. तोच प्रश्न तासात चारदा, आणि आधी विचारल्याचं आठवतच नाही. वस्तू भलत्या जागी, आणि ‘कुणीतरी चोरतंय’ असा संशय. बोलताना साध्या वस्तूंची नावं हरवणं. हे महिनोन्‌महिने वाढत चाललं असेल तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा वृद्धांच्या आजारांचे डॉक्टर गाठा. त्याआधी बी-12, थायरॉइड, साखर आणि सोडियम तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता सर्रास आढळते आणि ती औषधाने भरून निघते. निवृत्तीनंतरची उदासीही विसराळूपणाचं सोंग घेऊन येते. झोप, भूक, जुन्या मित्रांचे फोन कमी झालेत का तेही पाहा.

आणि परवापर्यंत नीट असलेला माणूस दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागला, तर वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी, यांनी असं होतं आणि बहुतेकदा सुधारतं. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड झालं तर 108.

मुलाच्या इंडक्शनचं. तो लांब आहे, त्याला काहीतरी करायचंय, समजू शकते. शेगडीला टायमर असतो, ज्योत नसते, भांडं उचललं की तापणं थांबतं, हे खरं. पण दूध इंडक्शनवरही उतू जातं, जास्त वेगाने जातं, आणि तिच्या सपाट काळ्या काचेवरची बारीक चिन्हं चष्म्याशिवाय दिसत नाहीत. तुमची निम्मी पातेली त्यावर चालणारही नाहीत. तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर चालेल. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. चहा आणि दुधासाठी दुसरी शेगडी म्हणून आणायला हरकत नाही. गॅस काढू नका. तुम्हाला भाकरी विस्तवावर फुगवायची असते आणि ती बंद करून कुणाचाच जीव सुरक्षित होत नाही. मुलाला वाटलंच तर त्याच्या पैशांतून आधाराचे दांडे बसवून घ्या.

राहिला ताजा कलम. लेबलं लावू द्या. फक्त त्यांना सांगा की अक्षर बोटाच्या पेराएवढं हवं, पांढऱ्यावर काळं, आणि झाकणावर न लावता डब्याच्या अंगावर लावायचं. झाकणं अदलाबदल होतात, आणि मग साखरेच्या डब्यात मीठ असल्याचं शिऱ्यावरून कळतं. मिसळणाच्या डब्याला हात लावू देऊ नका, तो तुमचा. मोहरी कुठल्या वाटीत आहे हे तुमच्या हाताला माहीत आहे, तेल तापल्यावर वाचत बसायला वेळ नसतो. आणि लेबलं लावून झाली की मागच्या रांगेतला, कुणीच कधी उघडत नाही असा एक डबा असेल, त्यात काय आहे हे दोघांनाही सांगता येणार नाही. तो आधी उघडून बघा.